बुरशीचे बहुमजली घर

आरोग्याच्या पानावर बुरशीबद्दल लिहायला सॉफ्टवेअर इंजिनिअर कशाला, असे वाचकांना वाटणे साहजिक आहे. मी डॉक्टर नाही आणि या लेखात कोणतेही औषध सुचवणार नाही. पण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत बुरशीविषयी जे नवे समजले, त्यातले बरेचसे चित्रांतून समजले. ही चित्रे नुसत्या भिंगाने घेतलेली नाहीत. ती संगणकाने थरावर थर रचून जुळवलेली आहेत, आणि तेथे माझ्यासारख्याचा थोडाफार संबंध येतो.

ही चित्रे वाचता आली, की घरोघरी पडणाऱ्या एका प्रश्नाचे उत्तर मिळते. आजोबांच्या कवळीखालचा लालपणा औषधाने जातो आणि महिन्याभरात परत येतो. औषध तेच, मात्रा तीच, आजोबाही पथ्याचे पक्के. मग बुरशी जात का नाही? तर औषध एकेकट्या बुरशीवर चालते, आणि कवळीवर असते ती बुरशीची पक्की बांधलेली वस्ती. या वस्तीला शास्त्रज्ञ ‘बायोफिल्म’ म्हणतात. मराठीत तिला ‘जैवपटल’ असा शब्द आहे.

माठ, लोणचे आणि एसीची नळी

बायोफिल्म आपण सर्वांनी पाहिलेली आहे, फक्त नाव माहीत नव्हते. माठ चार-आठ दिवस घासला नाही तर आतून बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागते. मीठ कमी पडलेल्या लोणच्याच्या खारावर पांढरी साय धरते. आणि बहरीनमध्ये राहणाऱ्यांना तर तिसरे उदाहरण सांगायलाच नको. ऐन ऑगस्टच्या दमट हवेत एसीची पाण्याची नळी तुंबते, पाणी भिंतीवर उतरते आणि दुरुस्तीला आलेला माणूस नळीतून लांबलचक बुळबुळीत गोळा ओढून काढतो. त्या गोळ्यात जिवाणू असतात, बुरशी असते आणि त्या सर्वांनी मिळून तयार केलेला चिकट पदार्थ असतो.

या तिन्ही ठिकाणी तीन गोष्टी समान आहेत. एक, चिकटायला पृष्ठभाग किंवा पसरायला पाण्याचा तवंग. दोन, ओलावा. तीन, पेशींनी स्वतःच तयार केलेला चिकट लेप. या तीन गोष्टी जुळल्या की सुट्या पेशींची वस्ती होते.

आपल्या आजीला यातले काही शिकवलेले नव्हते, पण ती माठ नुसता विसळत नसे. काथ्याने आतून घासून, गरम पाण्याने धुऊन तो उन्हात पालथा घाली. घासणे, धुणे आणि वाळवणे. या लेखाचे सार याच तीन शब्दांत आहे. ते तसे का, हे आता सूक्ष्मदर्शकातून पाहू.

व्हिनेगारचा जुना धडा

हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी अँटनी व्हॅन लेव्हेनहुक याने १६८३ च्या सुमारास स्वतःच्या दातांवरचा मळ खरवडून आपल्या घरगुती भिंगाखाली पाहिला. त्याला त्यात वळवळणारे असंख्य सूक्ष्म जीव दिसले. मग त्याने व्हिनेगार वापरून पाहिले. खरवडून काढलेल्या सुट्या मळातले जीव मेले. पण दातांवर असलेल्या मळात फक्त बाहेरच्या बाजूचे मेले, आतले तसेच राहिले. व्हिनेगार थराच्या आतपर्यंत पोचले नव्हते.

लेव्हेनहुकने पाहिलेले जीव बहुतांशी जिवाणू होते. तरी सुट्या पेशी आणि थरातल्या पेशी यांच्यातला फरक त्याने सव्वातीनशे वर्षांहून आधी नोंदवून ठेवला. कवळीवरच्या बुरशीची गोष्ट याच फरकाची आहे.

तीन सूक्ष्मदर्शक, तीन वेगळी चित्रे

तोंडात, त्वचेवर आणि आतड्यात निरोगी माणसाच्याही अंगावर राहणारी एक बुरशी म्हणजे कॅन्डिडा अल्बिकन्स. एरवी ती निमूट असते. मधुमेह वाढला, अँटिबायोटिक्स लांबली, प्रतिकारशक्ती कमी झाली किंवा शरीरात एखादी कृत्रिम वस्तू बसवली, की ती डोके वर काढते. तिच्या बायोफिल्मचे चित्र तीन प्रकारे घेता येते आणि तिन्ही चित्रे वेगवेगळे सांगतात.

पहिला प्रकार साध्या सूक्ष्मदर्शकाचा. कवळीवरचा किंवा टाळूवरचा थर खरवडून काचपट्टीवर घेतात आणि भिंगाखाली पाहतात. गोल-लांबट पेशी आणि धाग्यासारखे तंतू दिसतात. ‘बुरशी आहे की नाही’ या प्रश्नाचे उत्तर मिळते आणि डॉक्टरांना तेवढे बहुधा पुरते. पण खरवडताना रचना मोडलेली असते. इमारत पाडून विटा मोजाव्यात, तसेच हे. विटा किती ते कळते, जिना कोठे होता ते कळत नाही.

दुसरा प्रकार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा. पुस्तकांत आणि वर्तमानपत्रांत छापून येणारी बुरशीची सुंदर, करकरीत चित्रे बहुतेक याचीच असतात. यात प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत वापरतात. एकेक तंतू, त्यावरची गाठ, पेशीला फुटलेला कोंब स्पष्ट दिसतो. मात्र नेहमीच्या पद्धतीत नमुना आधी पूर्ण वाळवावा लागतो. बायोफिल्ममधला चिकट लेप हा मुख्यतः पाण्याने फुगलेला असतो. वाळवल्यावर तो आक्रसतो आणि जेथे पेशींभोवती भरगच्च लेप होता तेथे नुसत्या काड्या-काटक्या उरल्यासारखे दिसते. या चित्रांतला रंगही मूळचा नसतो. मूळ चित्र काळे-पांढरे असते, रंग नंतर भरतात.

तिसरा प्रकार ‘कॉन्फोकल’ सूक्ष्मदर्शकाचा. संगणकाच्या क्षेत्रातल्या मंडळींना मार्विन मिन्स्की हे नाव कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे माहीत असते. याच मिन्स्की यांनी १९५७ साली या सूक्ष्मदर्शकाच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. युक्ती सोपी आहे. नमुन्यातल्या एका बिंदूवर प्रकाश टाकायचा आणि परत येणारा प्रकाश सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून घ्यायचा. ज्या पातळीवर भिंग रोखलेले आहे, तेथलाच प्रकाश छिद्रातून जातो. वरच्या-खालच्या थरांचा धूसर प्रकाश अडतो. त्यामुळे नमुना न कापता, न वाळवता त्याची एक पातळ आडवी चकती पाहता येते. मग भिंग किंचित खाली, दुसरी चकती. पुन्हा खाली, तिसरी चकती.

समजा, थर २०० मायक्रॉन जाडीचा आहे आणि दर दोन मायक्रॉनला एक चित्र घेतले, तर शंभर चित्रांची चळत तयार होते. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो आणि कॅन्डिडाची गोल पेशी चार ते सहा मायक्रॉन.) संगणक ही चळत रचून त्रिमितीय आकृती उभी करतो. ती फिरवता येते, उभी कापून पाहता येते, किती टक्के जागा पेशींनी व्यापली आणि किती रिकामी आहे हे मोजता येते. सी.टी. स्कॅनची चित्रे पाहिलेल्यांना ही कल्पना ओळखीची वाटेल.

ही चित्रे पाहताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हिरवा-लाल रंग बुरशीचा नसतो. एक रंगद्रव्य पेशीभित्तीतल्या आणि लेपातल्या शर्करांना चिकटून हिरवे दिसते, दुसरे जिवंत, काम करणाऱ्या पेशींत लाल होते. आणि तळाचा भाग काळा दिसला म्हणून तेथे कोणी नाही असे समजू नये. खोलवर प्रकाश विखुरतो, रंगही नीट पोचत नाही. जेथे रंग पोचायला अडचण होते, तेथे औषधाला वाट सापडणेही सोपे नसते.

तळमजल्यापासून गच्चीपर्यंत

२००१ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे ज्योत्स्ना चंद्रा, महमूद घन्नूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅन्डिडाची बायोफिल्म तासातासाने कशी वाढते हे तपासले. त्यासाठी त्यांनी वापरलेल्या पदार्थांपैकी एक होता अ‍ॅक्रिलिक, म्हणजे ज्यापासून कवळी बनते तोच. त्यांना तीन टप्पे दिसले.

पहिला टप्पा सुमारे अकरा तासांपर्यंतचा. सुट्या गोल पेशी पृष्ठभागावर येऊन टेकतात. पेशीच्या बाहेरच्या अंगाला चिकटण्यासाठी खास प्रथिने असतात. पृष्ठभागावर बारीक चरे असतील तर पकड आणखी पक्की. टेकलेल्या पेशींना कोंब फुटतात आणि छोटे छोटे पुंजके होतात.

दुसरा टप्पा साधारण बारा ते तीस तासांचा. पेशी लांबू लागतात, त्यांचे तंतू होतात, आणि पेशींभोवती चिकट लेप साठू लागतो. विटा आल्या, सळ्या आल्या, आता गारा आला.

तिसरा टप्पा साधारण अडतीस ते बहात्तर तासांचा. आता पूर्ण वाढलेली वस्ती दिसते. तळाशी गोल पेशींचा दाट थर, त्यावर उभ्या-आडव्या तंतूंचे जाळे आणि सर्वांभोवती लेप. मधून मधून रिकाम्या वाटा राहतात. काही प्रयोगांत अशा पटलाची जाडी ४०० मायक्रॉनच्या पुढे गेलेली आढळली आहे, म्हणजे जवळजवळ अर्धा मिलिमीटर. चार मायक्रॉनच्या पेशीच्या मानाने ही उंच इमारतच.

यापुढे एक चौथी पायरीही आहे. वस्ती पूर्ण वाढली की वरच्या तंतूंवर नव्या गोल पेशी तयार होऊन सुटतात आणि दुसरीकडे जाऊन टेकतात. कवळीवरची वस्ती तोंडातल्या इतर जागांना बी पुरवीत राहते, ती अशी. औषधाने टाळू स्वच्छ झाला आणि कवळी तशीच राहिली, तर महिन्याभरात लालपणा परत येण्याचे एक मोठे कारण हेच.

अर्थात, हे तास प्रयोगशाळेतल्या ताटलीतले आहेत. तोंडात लाळ वाहते, जीभ फिरते, त्यामुळे वेळापत्रक जसेच्या तसे लागू होणार नाही. पण क्रम तोच राहतो. आणि त्यातून एक मोलाची गोष्ट कळते, ती म्हणजे पहिल्या काही तासांत पकड कच्ची असते. रोजची घासणी या कच्च्या अवस्थेवर काम करते.

हे बांधकाम आपोआप होत नाही, त्यामागे आज्ञावली असते. २०१२ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दाखवले, की कॅन्डिडामध्ये सहा मुख्य नियंत्रक जनुके मिळून सुमारे हजार जनुकांवर देखरेख करतात. या सहांपैकी एखादे काढून टाकले तर बायोफिल्म नीट उभी राहत नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्याला ही मांडणी फार ओळखीची वाटते. मुख्य फंक्शने मोजकी, बाकी सर्व त्यांच्या हाताखाली.

औषध कोठे अडते?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचे नेहमीचे औषध. सुट्या कॅन्डिडावर ते उत्तम चालते. तीच कॅन्डिडा बायोफिल्ममध्ये असली, तर प्रयोगांत तिला रोखायला कितीतरी पट अधिक मात्रा लागते आणि कित्येकदा तीही पुरत नाही. माणसाला तेवढी मात्रा देता येत नाही. या चिवटपणाची मुख्य कारणे तीन.

पहिले कारण म्हणजे लेप. २०१४ साली विस्कॉन्सिनमधील संशोधकांनी लेपाचे पृथक्करण केले. पाणी वगळता त्यात वजनाने सुमारे ५५ टक्के प्रथिने, २५ टक्के शर्करा, १५ टक्के मेद आणि ५ टक्के न्यूक्लिक आम्ले निघाली. यातली ग्लुकान नावाची शर्करा औषधाला वाटेतच धरून ठेवते. औषध रक्तात पोचते, थरापर्यंत पोचते, पण पेशीपर्यंत पोचण्याआधी गाऱ्यात रुतते.

दुसरे कारण पेशींचे स्वतःचे पंप. आत शिरलेले औषध पेशी बाहेर फेकते. थर कोवळा असताना हे पंप जोरात असतात. थर पिकल्यावर लेप आणि पेशीच्या आवरणातले बदल यांचा वाटा वाढतो. म्हणजे कोणत्याही वयात संरक्षण आहेच.

तिसरे कारण झोपलेल्या पेशी. औषधाचा मारा झाल्यावरही थरात थोड्या पेशी जिवंत उरतात. त्या वाढत नसतात, म्हणून वाढ रोखणाऱ्या औषधाला दाद देत नाहीत. औषध थांबले की त्याच वस्ती पुन्हा उभी करतात.

याचा अर्थ औषधे निरुपयोगी आहेत असा मुळीच नाही. बुरशीच्या भित्तीतले ग्लुकान तयार होण्याचे काम बंद पाडणारा एक औषधगट आहे. त्यातले कॅस्पोफंजिन २००१ साली अमेरिकेत मान्य झाले. हा गट आणि मेदयुक्त अ‍ॅम्फोटेरिसिन ही औषधे प्रयोगांत बायोफिल्मवर अधिक चांगली चालतात. ती बहुधा रुग्णालयातच शिरेतून देतात. तरीसुद्धा रक्तात कॅन्डिडा सापडली आणि शिरेत घातलेल्या मोठ्या नळीवर संशय असला, तर शक्य तितक्या लवकर ती नळी काढण्याकडे डॉक्टरांचा कल असतो. अमेरिकेतील संसर्गतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनाही तसेच सांगतात. आपला नातलग रुग्णालयात असताना डॉक्टर ‘लाइन बदलतो’ म्हणाले, तर ती चालढकल नव्हे. घर पाडल्याशिवाय बिऱ्हाड हलत नाही, म्हणून ते तसे करतात.

चाचणीत पास, डोळ्यात नापास

आपल्या मंडळींत कॉन्टॅक्ट लेन्स वापरणारे तरुण-तरुणी बरेच आहेत, म्हणून ही हकीकत जरा सविस्तर सांगतो.

२००५ आणि २००६ साली सिंगापूर, हाँगकाँग आणि अमेरिका येथे लेन्स वापरणाऱ्यांच्या डोळ्यांत फ्युझेरियम नावाच्या बुरशीचा संसर्ग अचानक वाढला. ही बुरशी माती आणि वनस्पतींवर राहणारी. आपल्याकडे शेतात काम करताना डोळ्याला पात किंवा काडी लागली की तिचा संसर्ग होतो, हे नेत्रतज्ज्ञांना पूर्वीपासून ठाऊक होते. शहरात लेन्स वापरणाऱ्यांत ती एवढ्या प्रमाणावर दिसणे नवे होते. अमेरिकेत १६४ रुग्णांची खात्री झाली. काहींवर बुबुळाच्या पारदर्शक पडद्याचे रोपण करण्याची वेळ आली. तपासात बाऊश अँड लॉम्ब या कंपनीच्या मॉइश्चरलॉक या एका लेन्स-द्रावणाशी संबंध दिसला. मे २००६ मध्ये कंपनीने ते द्रावण जगभरच्या बाजारातून मागे घेतले.

द्रावण चाचणीशिवाय बाजारात आलेले नव्हते. मग चूक कोठे राहिली? २००८ साली घन्नूम यांच्याच गटाने फ्युझेरियमची बायोफिल्म मऊ लेन्सवर वाढवून कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. द्रावणे सुट्या फ्युझेरियमला मारत होती, पण लेन्सवर थर धरून बसलेल्याला नाही. आणि त्याहून बोलकी गोष्ट अशी, की अशा चाचण्यांसाठी ठरवून दिलेला फ्युझेरियमचा प्रमाणित वाण मुळात बायोफिल्म बांधतच नव्हता. रुग्णांच्या डोळ्यांतून मिळालेले वाण मात्र बांधत होते.

आमच्या व्यवसायात याला फार महत्त्व आहे. चाचणीसाठी घेतलेला डेटा प्रत्यक्षातल्यासारखा नसेल, तर प्रोग्राम कितीही वेळा पास झाला तरी त्याचा भरवसा नाही. बाटलीवर ‘बुरशीनाशक’ असे लिहिलेले असले, तरी ‘कोणत्या अवस्थेतली बुरशी?’ हा प्रश्न उरतोच. त्यावर ग्राहकाच्या हाती एकच खात्रीचा उपाय आहे. थर धरू द्यायचा नाही.

आखातातली दुसरी बुरशी

प्रत्येक बुरशी सारखेच घर बांधत नाही. कॅन्डिडा ऑरिस ही बुरशी २००९ साली जपानमधील एका रुग्णाच्या कानातून प्रथम वेगळी करून तिला नाव दिले गेले. २०१३ साली दिल्लीतील रुग्णांविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यानंतर आपल्या शेजारी कुवेत आणि ओमान येथूनही तिच्या नोंदी आल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने धोकादायक बुरशींची यादी प्रथमच जाहीर केली. तिच्या सर्वांत वरच्या गटात ऑरिस आणि अल्बिकन्स दोघीही आहेत.

सूक्ष्मदर्शकाखाली ऑरिसचा थर अल्बिकन्सपेक्षा पातळ दिसतो. त्यात तंतूंचे जाळे जवळपास नसते, नुसत्या गोल पेशींचे पुंजके असतात. म्हणजे ही बुटकी वस्ती. पण ती त्वचेवर आणि रुग्णालयातील खाटेच्या कठड्यासारख्या पृष्ठभागांवर दीर्घकाळ टिकते आणि अनेक औषधांना दाद देत नाही. निरोगी माणसाने घाबरण्याचे कारण नाही. मात्र अतिदक्षता विभागात भेटीला गेल्यावर परिचारिका हात धुवायला, झगा घालायला सांगते, ते मुकाट्याने करावे. एका वेळी एकानेच आत जावे हा नियमही आपल्या चांगल्यासाठीच असतो.

२०२१ साली महाराष्ट्रात कोविडनंतर ज्या ‘काळ्या बुरशी’ने अनेकांचे डोळे आणि प्राण घेतले, ती म्युकरमायकोसिस. ती या दोहोंहून वेगळी. या लेखातले कवळी-लेन्सचे उपाय तिला लावू नयेत.

नांदेडची प्रयोगशाळा

हे सारे संशोधन परदेशातच झाले असे समजू नये. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात मोहन करुपाइल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कॅन्डिडाच्या बायोफिल्मवर वर्षानुवर्षे काम केले. २०१२ साली त्यांनी शरीरात किंवा शरीरावर बसवल्या जाणाऱ्या कृत्रिम वस्तूंच्या निरनिराळ्या पदार्थांवर कॅन्डिडा कशी थर धरते आणि त्या थरावर फ्लुकोनाझोल कितपत चालते, हे तपासले. २०१३ साली याच गटाचे आणखी दोन निबंध आले. एकात वनस्पतींतील सुगंधी द्रव्ये कॅन्डिडाचे चिकटणे आणि तंतू काढणे कितपत रोखतात ते पाहिले होते. दुसऱ्यात मलेरियावरचे जुने क्लोरोक्विन जोडीला दिल्यास बायोफिल्म फ्लुकोनाझोलच्या जातीच्या औषधांना अधिक बळी पडते, असे दिसले.

मात्र हे ताटलीतले प्रयोग आहेत. ते वाचून कोणी लवंगेच्या तेलाने कवळी चोळू नये आणि घरातले जुने क्लोरोक्विन तर मुळीच घेऊ नये. ताटलीपासून रुग्णापर्यंतचा रस्ता लांब असतो.

बाळाचे दुधाचे दात

बुरशी एकटीच राहते असेही नाही. लहान मुलांच्या किडलेल्या दातांवरच्या थरात स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा जिवाणू आणि कॅन्डिडा एकत्र आढळतात. जिवाणूचे विकर कॅन्डिडाच्या अंगाला चिकटते आणि साखरेपासून तेथेच गोंद तयार करते. २०१४ साली उंदरांवरील प्रयोगांत दोघे एकत्र असताना दातांची कीड अधिक तीव्र झालेली दिसली. २०२२ साली पेनसिल्व्हेनियातील संशोधकांनी तीव्र कीड असलेल्या लहान मुलांच्या लाळेत या दोघांचे पुंजके पाहिले. बुरशीचे तंतू पायांसारखे पुढे टेकवत हे पुंजके जिवाणूंना पाठीवर घेऊन दातासारख्या पृष्ठभागावरून सरकत होते. हे चलचित्र पाहिल्यावर रात्री साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवावेसे वाटणार नाही. गोंदासाठी लागणारी साखर आपणच रात्रभर पुरवीत असतो.

मग घरी काय करायचे?

रचना समजली की पुढच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. प्रत्येकीमागचे कारण आपल्याला आता ठाऊक आहे.

१. कवळी रात्री काढून ठेवावी. टाळूला विश्रांती मिळते आणि थराला उबदार जागा मिळत नाही.

२. कवळी रोज मऊ ब्रशने व सौम्य द्रव साबणाने सर्व बाजूंनी घासावी, विशेषतः टाळूकडची बाजू. टूथपेस्ट वापरू नये. तिच्या खरखरीत कणांनी बारीक चरे पडतात आणि चरे म्हणजे पेशींना आयती बसायला जागा. नंतर दंतवैद्यांनी सांगितलेल्या द्रावणात किंवा पाण्यात ठेवावी. उकळते पाणी वापरू नये, आकार बिघडतो. नुसती गोळी टाकून भिजवणे हा घासण्याला पर्याय नाही.

३. टाळूवर औषध चालू असेल तर ‘कवळीचे काय करू?’ हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे. दोन्हींचा उपचार एकाच वेळी व्हायला हवा.

४. दम्यासाठी स्टिरॉइडचा पंप घेणाऱ्यांनी प्रत्येक वेळी चूळ भरून थुंकावी. धुळीच्या दिवसांत पंप वाढतो, तेव्हा तर विसरूच नये.

५. लेन्स हाताळण्यापूर्वी हात साबणाने धुऊन पुसून कोरडे करावेत. लेन्स तळव्यावर ठेवून द्रावणाने बोटाने चोळावी, मग धुवावी. बाटलीवर ‘चोळण्याची गरज नाही’ असे लिहिले असले तरी चोळावी.

६. डबीतले कालचे द्रावण ओतून द्यावे. त्यात नवे मिसळू नये. डबी ताज्या द्रावणाने धुऊन, पुसून, उघडी पालथी ठेवून वाळवावी आणि दर तीन महिन्यांनी बदलावी. नळाचे पाणी लेन्सला वा डबीला लावू नये. लेन्स घालून झोपू नये, पोहू नये.

७. डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा अंधूक दिसू लागले, तर लेन्स लगेच काढावी आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपेपर्यंत थांबू नये. रात्री-अपरात्री असेल तर मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा. घरात पडलेले स्टिरॉइडचे थेंब स्वतःच्या मनाने घालू नयेत, बुरशीला ते फावते. लेन्स आणि डबी टाकून न देता बरोबर न्यावी, तपासणीस उपयोगी पडते.

८. मधुमेह असणाऱ्यांनी साखर ताब्यात ठेवावी. तोंडातली बुरशी वारंवार येत असेल आणि मधुमेहाचे निदान झालेले नसेल, तर रक्ताची तपासणी करून घ्यावी.

आपले पान आरोग्याबरोबर अर्थकारणाचेही आहे, म्हणून दोन शब्द खर्चाविषयी. डबी, ब्रश आणि द्रावणाचा वर्षाचा खर्च डोळ्याच्या एका गंभीर संसर्गाच्या खर्चापुढे नगण्य आहे. देशातून आई-वडील दोन-तीन महिन्यांसाठी येणार असतील, तर निघण्यापूर्वीच तिकडच्या दंतवैद्यांकडून कवळी तपासून, सैल झाली असल्यास बसवून घ्यावी. प्रवासी विम्यात दातांचे नेहमीचे उपचार बहुधा धरलेले नसतात. पॉलिसी घेताना ते कलम वाचून पाहावे.

शेवटी एवढेच सांगावेसे वाटते, की बुरशीला हवेतून, पाण्यातून, आपल्याच अंगावरून हद्दपार करता येणार नाही, आणि तशी गरजही नाही. तिला घर बांधायला निवांत दोन-तीन दिवस मिळू द्यायचे नाहीत, एवढे पुरे. लेव्हेनहुकचे व्हिनेगार जेथे अडले, तेथे आजही बरीच औषधे अडतात. ब्रश मात्र अडत नाही. आजच रात्री घरातल्या ज्येष्ठांच्या कवळीच्या डबीत आणि मुलांच्या लेन्सच्या डबीत एकदा बोट फिरवून पाहावे. बुळबुळीत लागले, तर माठ घासायची वेळ झाली असे समजावे.